कलावंताची ‘व्यवहारशून्यता’ आणि मालकीचा प्रश्न : राजा रविवर्मा व दादासाहेब फाळके यांच्या संदर्भात

कलावंतांविषयीच्या मराठी लेखनात ‘व्यवहारशून्य’ हे विशेषण इतक्या सहजपणे योजिले जाते, की ते दूषण मानावे की भूषण, असा संभ्रम पडावा. चरित्रकार ते कौतुकाने वापरतो, स्मरणिकेतील लेखक हळहळीने वापरतो, आणि नातेवाईक बहुधा नाइलाजाने. नाटक मंडळी कर्जात बुडाली, छापखाना विकावा लागला, भागीदारांशी बिनसले, उतारवय ओढगस्तीत गेले. या सर्व घटनांचे कारण या एका शब्दात सांगितले जाते. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, ही जुनी समजूत त्यामागे उभी असतेच. या समजुतीमुळे एक सोय मात्र होते. कलावंताचे आर्थिक अपयश हा त्याचा स्वभावधर्म ठरला, की त्याच्या काळातील भांडवल, तंत्र आणि कायदा यांची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

या चौकशीचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करता येतो. कलावंताने काय गमावले? मूळ कृती, कृतीच्या प्रती काढण्याचे साधन, की प्रती काढण्याचा हक्क? या तीन मालकी एकमेकींपासून भिन्न आहेत. मराठी चरित्रलेखनात त्यांची सरमिसळ होते आणि ‘सर्वस्व गेले’ असे एकच वाक्य लिहून चरित्रकार पुढे जातो. प्रस्तुत लेखात राजा रविवर्मा (१८४८–१९०६) आणि दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) या दोघांच्या व्यावसायिक आयुष्याचे वाचन या भेदाच्या आधारे केले आहे. दोघांची जोडी सोयीसाठी लावलेली नाही. दोघेही प्रतिमेच्या बहुगुणनाकडे वळले, दोघांनीही त्यासाठी जर्मनीतील तंत्राचा आधार घेतला, आणि दोघांच्याही आयुष्यातील एक महत्त्वाचे प्रकरण लोणावळ्याच्या परिसरात घडले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी छाया-शिळामुद्रणाचे काम केले होते, हा दुवाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मानधनावरचा चित्रकार

रविवर्मा जन्माने किळिमानूरच्या राजघराण्याशी निगडित असले, तरी व्यवसायाने ते आजच्या भाषेत मुक्त व्यावसायिक होते. कोणत्याही एका दरबारची कायम चाकरी त्यांनी पत्करली नाही. बडोदे, म्हैसूर, मुंबई, मद्रास असा त्यांचा फिरता व्यवसाय होता. व्यक्तिचित्राचे काम मिळाले की त्या गावी मुक्काम करावयाचा, चित्र पूर्ण करावयाचे, मोबदला घ्यावयाचा आणि पुढच्या गावी जावयाचे, असा क्रम अनेक वर्षे चालला. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा या प्रवासात सोबती, साहाय्यक आणि व्यवस्थापक अशा तिहेरी नात्याने वावरत. त्यांची इंग्रजी रोजनिशी प्रसिद्ध झाली असून, ज्याला या व्यवसायाचे दैनंदिन रूप पाहावयाचे आहे त्याने ती अवश्य वाचावी. कलेच्या इतिहासात न मावणारा भेटीगाठींचा आणि प्रवासाचा तपशील तीत आहे.

या व्यवसायाची कमाई मोठी होती. सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी १८८८ ते १८९० या काळात रंगविलेली चौदा पौराणिक चित्रे हा त्या काळातील अत्यंत मानाचा आणि लाभाचा सौदा होता. तथापि कमाई मोठी असणे आणि मालमत्ता उभी राहणे या एक गोष्टी नव्हेत. चित्र पूर्ण झाले की ते राजवाड्यात जाई. चित्रकाराच्या हाती मोबदला येई आणि त्या चित्रापुरता त्याचा संबंध तेथे संपे. पुढील वर्षाचे उत्पन्न हवे असेल, तर पुढील वर्षी पुन्हा प्रवास, पुन्हा आश्रयदाता आणि पुन्हा कुंचला. डोळे आणि हात शाबूत आहेत तोवरच ही व्यवस्था चालणार, हे चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही चित्रकाराच्या ध्यानात येण्याजोगे होते.

रविवर्मांच्या चित्रांना मागणी इतकी आहे की एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे टी. माधवराव यांनी त्यांना सुचविले होते. त्रावणकोर आणि बडोदे या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविलेल्या या मुत्सद्द्याचा सल्ला नीट वाचला, तर त्यात एक महत्त्वाचा भेद दडलेला दिसतो. माधवराव छपाई करवून घेण्याचा सल्ला देत होते; छापखाना काढण्याचा नव्हे. पहिल्या मार्गात यंत्र दुसऱ्याचे, चित्र आपले. रविवर्मांनी दुसरा मार्ग निवडला. १८९४ मध्ये जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणून, एका भागीदारासह, त्यांनी मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथील पहिले मुद्रित चित्र.

शिळा आणि चित्र

या निर्णयाला व्यवहारशून्य म्हणणे अवघड आहे. उलट, मानधनाच्या एकेरी उत्पन्नातून बाहेर पडून वर्षानुवर्षे फळ देणारी मालमत्ता उभारण्याचा तो प्रयत्न होता, आणि हेतूच्या दृष्टीने तो निर्दोष होता. दोष शोधावयाचा असेल, तर तो मालमत्तेच्या प्रकारात शोधला पाहिजे.

रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. मूळ तैलचित्राचे पृथक्करण करून ते शिळांवर उतरविणारा कारागीर निराळा असतो, रंगांची जुळणी साधणारा यंत्रचालक निराळा. शिळा, कागद आणि शाई यांत पैसा आधी गुंततो. छापलेली चित्रे गावोगावच्या विक्रेत्यांकडून विकली जाऊन तो परत येतो सावकाश. दरम्यान पगार दरमहा द्यावे लागतात. म्हणजे छापखान्याला चित्रकारापेक्षा खेळत्या भांडवलाची आणि मालकाच्या नित्य देखरेखीची गरज अधिक होती. रविवर्मांजवळ देखरेखीसाठी वेळ नव्हता. कारण छापखान्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांना अधिक व्यक्तिचित्रे रंगवावी लागत होती, आणि व्यक्तिचित्रांसाठी मुंबईबाहेर राहावे लागत होते. ज्या कामापासून कालांतराने मुक्ती मिळावी म्हणून मालमत्ता उभारावयाची, त्याच कामाच्या कमाईवर ती मालमत्ता जगवावी लागावी, असा हा पेच होता. मुक्त व्यवसाय सांभाळून कायमची मिळकत उभारू पाहणाऱ्या कोणत्याही कलावंताला तो आजही ओळखीचा वाटेल.

त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला. तोवर तो कर्जात रुतला होता. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची विक्री झाली. विकत घेणारा होता छापखान्यातीलच जर्मन तंत्रज्ञ, फ्रित्झ श्लायखर.

या विक्रीचा एक तपशील बहुधा ओझरता सांगितला जातो. श्लायखर यांनी यंत्रे आणि शिळा घेतल्याच. त्यांबरोबर रविवर्मांच्या अनेक चित्रांच्या प्रती छापण्याचा हक्कही घेतला. एखाद्या तंत्रज्ञाला हा हक्क सौद्यात स्वतंत्रपणे नमूद करून घ्यावासा वाटला, यावरूनच त्याला स्वतंत्र मोल होते हे सिद्ध होते. यंत्रे जुनी होतात, शिळा झिजतात, जागा बदलते. ‘लक्ष्मी’ किंवा ‘सरस्वती’ या चित्राची मागणी मात्र दिवाळीगणिक नव्याने उत्पन्न होते. छापखाना विकून हक्क राखता आला असता काय, आणि नव्या मालकाकडून प्रतीमागे काही अंश घेता आला असता काय? तत्कालीन कायद्याचे पाठबळ यासाठी तुटपुंजे होते. १८४७ चा हिंदुस्थानातील ग्रंथस्वामित्वाचा कायदा मुख्यतः छापील ग्रंथांपुरता होता. चित्रकाराच्या हक्काचा समावेश करणारा व्यापक कायदा १९१४ मध्ये, म्हणजे रविवर्मांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आला. तरीही कराराची वाट बंद नव्हती, कारण खुद्द विक्रीचा व्यवहारच कराराने झाला होता. कर्जदाराच्या बाजूने बोलणी करणाऱ्याला अटी घालण्याची ताकद किती असते, हा भाग अर्थातच वेगळा.

पुढील काळात श्लायखर यांच्या मालकीत छापखाना स्थिरावला. देवादिकांच्या चित्रांबरोबर जाहिराती, लेबले असे व्यापारी काम त्याने घेतले. जे रविवर्मांना साधले नाही ते तंत्रज्ञाला साधले, याचे श्रेय त्याच्या राष्ट्रीयत्वाला देण्याचा मोह काही लेखकांना होतो. खरे कारण साधे असावे : तो रोज छापखान्यात होता. रविवर्मा पुन्हा दरबारी कामाकडे वळले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूरच्या महाराजांसाठी पौराणिक चित्रांची मालिका त्यांनी हाती घेतली होती. म्हणजे १८९४ पूर्वी ते जेथे होते तेथेच, बारा वर्षे आणि एक छापखाना खर्ची घालून, ते परत आले. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत नष्ट झाला.

रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीने हा चित्रकार मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. कलावंताच्या मनाचा शोध घेणाऱ्या कादंबरीकडून छापखान्याच्या जमाखर्चाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु कादंबरीने जे सोडले ते समीक्षेनेही सोडावे, याला समर्थन नाही.

फाळके : पुन्हा तीच वाट

फाळके यांच्या बाबतीत ‘व्यवहारशून्य’ हा शिक्का अधिकच ठळक आहे. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्रा येथील छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखकाची नोकरी, असा प्रवास करून त्यांनी स्वदेशीच्या लाटेत नोकरी सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छपाईचा उद्योग सुरू केला. तो पुढे मुंबईत आला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपास आला. १९०९ मध्ये तंत्र आणि यंत्रे यांसाठी ते जर्मनीस जाऊन आले. त्यानंतर लवकरच भागीदारांशी मतभेद झाले आणि उद्योगावर हक्क न सांगता फाळके बाहेर पडले. चरित्रकार या प्रसंगात त्यांचा मानीपणा पाहतात. तो होताच. पण बाहेर पडताना त्यांच्याजवळ नेण्यासारखे काय होते, हे कोणी विचारीत नाही. ठसे छापखान्याचे, यंत्रे भागीदारीची, गिऱ्हाइके पेढीची. कौशल्य तेवढे स्वतःचे होते आणि ते घेऊन ते निघाले.

चित्रपटाच्या आरंभीच्या वर्षांत फाळके यांनी जी व्यवस्था उभारली तिच्याकडे या अनुभवाचे उत्तर म्हणून पाहता येते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणि इतर यंत्रसामग्री घेऊन आले. वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे छोटे चित्रण दाखवून त्यांनी कर्ज देणाऱ्याचा विश्वास मिळविला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यासाठी उपयोगी पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरात होत आणि सरस्वतीबाई त्यांत प्रत्यक्ष हात लावीत. या टप्प्यावर कृती, साधन आणि हक्क या तिन्ही मालकी एकाच घरात होत्या. भागीदार नव्हता, सावकार होता. सावकाराला व्याज हवे असते, चित्रपटाच्या कथेत त्याला रस नसतो. स्वातंत्र्य आणि मालकी यांचा मेळ फाळके यांना त्यानंतर इतका कधीच साधला नाही.

१९१४ च्या महायुद्धाने हा मेळ मोडला. पतपुरवठा आटला. ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखमालेत फाळके यांनी भांडवल उभे करताना सोसलेल्या अडचणींविषयी लिहिले आहे. तो काही व्यवहारशून्य माणसाचा सूर नव्हे. १९१७ च्या ‘लंकादहन’ला मोठे यश मिळाले आणि त्या यशामागोमाग भांडवल आले. १९१८ मध्ये पाच व्यापारी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. लवकरच खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागले. फाळके काशीस गेले, ‘रंगभूमि’ हे नाटक त्यांनी लिहिले, आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत परतले. यावेळी पगारी तंत्रज्ञ म्हणून. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्यात ते नोकर झाले. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) हा तर कोल्हापूर सिनेटोन या दुसऱ्यांच्या संस्थेसाठी केलेला होता. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला.

फाळके यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. खर्चाचा अंदाज पाळणे त्यांना जमत नसे आणि भागीदाराला विश्वासात घेण्याची त्यांची वृत्ती नव्हती. परंतु हेच दोष १९१३ मध्येही त्यांच्यापाशी होते, आणि तेव्हा त्यांनी मालकी गमावली नाही. फरक पडला तो भांडवलाच्या स्वरूपात. कर्जाऊ पैशाच्या जागी भागीदारीचा पैसा आला, आणि भागीदाराला निर्णयात वाटा असतो. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट पहिल्या निर्मितीच्या धडपडीवर केंद्रित आहे. कंपनीच्या कालखंडात तो शिरत नाही. त्यामुळे त्याला आपला प्रसन्न, खट्याळ सूर राखता आला. कलाकृती म्हणून ही निवड उचित आहे. तथापि ‘फॅक्टरी’ या शब्दावर त्या चित्रपटाने जी गंमत उभी केली आहे, तिच्यामागील गंभीर प्रश्न, म्हणजे फॅक्टरी कोणाची, हा पुढच्या पाच-सहा वर्षांतील आहे.

याच पिढीत गंधर्व नाटक मंडळीचे उदाहरणही सांगता येते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी ती काढली. पुढे एकट्या बालगंधर्वांकडे मालकी आली आणि तिच्याबरोबर कर्जही. मालकीचा अर्थ तेथे पडदे, पोशाख आणि बिऱ्हाडासारखा मोठा नटसंच पोसण्याची जबाबदारी असा झाला. याउलट ‘प्रभात’ची (१९२९) मांडणी वेगळी होती. कलावंत आणि तंत्रज्ञ स्वतःच भागीदार होते आणि कामाची वाटणी कौशल्यानुसार होती. ‘प्रभात’ही मोडलीच, पण तिच्या स्टुडिओची जागा १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटकडे गेल्यानंतरही तिचे चित्रपट ही निराळी मिळकत म्हणून शिल्लक राहिली. जागा आणि कृती यांची ताटातूट होऊ शकते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

‘विरुद्ध करार नसल्यास’

स्वातंत्र्योत्तर काळात कृतीच्या हक्काला साधनापासून वेगळे अस्तित्व देण्याचे काम १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने केले. पण या कायद्याची रचना मुक्त व्यावसायिकाला नेहमीच अनुकूल नाही. कलम १७ नुसार कृतीचा निर्माता हाच तिचा प्रथम हक्कधारक. परंतु कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र, रंगविलेले चित्र वा व्यक्तिचित्र, किंवा निर्मिलेला चित्रपट यांच्या बाबतीत, विरुद्ध करार नसल्यास, हक्क काम सांगणाऱ्याचा ठरतो. रविवर्मांचा आश्रयदाता या कलमात सुखरूप बसलेला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात हाच न्याय चित्रपटगीतांना लावला. निर्मात्याकडून मोबदला घेऊन गीत वा संगीत रचले, तर विरुद्ध करार नसल्यास हक्क निर्मात्याचा. गीतकाराच्या दृष्टीने त्याचे शब्द म्हणजे पुन्हा एकदा राजवाड्यात गेलेले तैलचित्र झाले.

२०१२ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या वा संगीतकृतीच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्तच्या वापरासाठी, स्वामित्वधनातील समान वाटा मिळण्याचा हक्क आता करारानेही सोडून देता येत नाही. ‘सोडून देता येत नाही’ हे शब्द कळीचे आहेत. कर्जात असलेल्या किंवा पहिल्या संधीसाठी आतुर झालेल्या कलावंताने मागचापुढचा विचार न करता सही करावी, ही शक्यता कायद्याने गृहीत धरली आणि सहीच्या परिणामाला मर्यादा घातली. कलावंताला व्यवहार शिकविण्याऐवजी व्यवहाराची चौकटच बदलण्याचा हा मार्ग आहे. श्लायखर यांच्याशी झालेल्या सौद्यात अशी एखादी मर्यादा असती, तर विक्रीनंतरही छापलेल्या प्रत्येक ‘लक्ष्मी’मागे काही आणे किळिमानूरला जात राहिले असते.

चित्रकाराला असे संरक्षण अद्याप नाही. मूळ चित्राच्या पुनर्विक्रीतील वाट्याची तरतूद कलम ५३-क मध्ये आहे. किंमत दहा हजार रुपयांहून अधिक असल्यास दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो. पण त्यासाठी चित्रकार हा प्रथम हक्कधारक असावा लागतो. सांगून काढून घेतलेले चित्र येथे बाहेर पडते. म्हणजे ज्याचा चरितार्थ मागणीवरच्या कामावर चालतो, त्यालाच ही तरतूद सर्वांत कमी उपयोगी.

महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा चरितार्थ मुखपृष्ठे, बोधचिन्हे, पाठ्यपुस्तकांतील चित्रे आणि दिवाळी अंकांची सजावट यांवर चालतो. संपादकाकडून किंवा प्रकाशकाकडून येणारे पत्र, अलीकडे बहुधा मोबाइलवरील संदेश, दोन-तीन ओळींचा असतो. त्यात विषय असतो, मापे असतात, तारीख असते आणि मानधनाचा आकडा असतो. तेच चित्र पुढील आवृत्तीवर, दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत वापरावयाचे झाल्यास काय, याविषयी बहुधा काही नसते. हस्तांतरणाचा लेख असेल आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरावी, असे कलम १९ सांगते. पण हस्तांतरणाचा प्रश्न येतो चित्रकार हा प्रथम हक्कधारक असल्यास. आणि ते ठरते कलम १७ मधील त्या अर्ध्या वाक्यावरून, ज्याचा उपयोग संदेशाला ‘हो’ असे उत्तर पाठविण्यापूर्वीच करावा लागतो.